केसांची तहान

रविवार म्हणजे केस धुवायचा वार, आणि केस धुवायचा वार म्हणजे शीतल घरात सापडायची नाही. भडगावच्या बाजारपेठेत नवलचं खता-बियाण्याचं दुकान, दुकानाच्या मागं घर, आणि दोहोंच्या मधे गोण्यांची थप्पी. चौथीतली ती पोर त्या थप्पीमागं जाऊन बसायची. निंबोळी पेंडीच्या कडू वासात, गुडघे पोटाशी घेऊन, डोक्यावर ओढणी घट्ट गुंडाळून.

"शीतल, पाणी तापलंय गं."

दिपमाला गोण्यांच्या अलीकडं उभी राहायची, पलीकडं शीतल श्वास कोंडून बसायची. मधे पेंडीचा वास.

दिपमाला या घरात आली माघात. नवलची ही दुसरी बायको. पहिली, सुलक्षणा, काविळीनं गेली तेव्हा शीतल बालवाडीतून नुकती पहिलीत आली होती. भिंतीवर सुलक्षणाचा फोटो होता. फोटो काढणाऱ्यानं पदर नीट घ्यायला सांगितलं असणार, पण पदराखालून कपाळावर केसांची वेटोळी उतरलीच होती, वेलीला ताणे फुटावेत तशी. तेच केस शीतलच्या डोक्यावर होते. दाट, कुरळे, आणि आता गुंत्यांनी भरलेले. कंगवा लावला की पोर अशी किंचाळायची की दुकानातलं गिऱ्हाईक विचारायचं, "काय झालं हो भाऊ, विंचू चावला का?"

तोवर त्या केसांची काळजी नवलची मोठी बहीण मंदाबाई घ्यायची. सगळे तिला अक्का म्हणत. अमळनेरहून एसटीनं यायची, पोरीला मांडीत दाबून धरायची, कोरड्या केसांत बारीक दाताची फणी घालायची, आणि दोघी मिळून रडायच्या. अक्का वाईट नव्हती. तिला दुसरी रीत माहीत नव्हती.

होळी झाली आणि एका सकाळी तिचा फोन आला. दिपमालाचे हात कणकेत होते, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"दिपमाला, आयक. अखाजीले मी येस. पोरना केस कापी टाकसूत, पोरास्नागत. शाळा उघडाना आगोदर. ते गुता, ती रडारड, कितलं सहन करी ती?"

"अक्का, थोडं थांबू या का?"

"तू तं अखाजीले माहेर जाशी. पयली अखाजी शे तुनी. तू जाय खुशाल. मी दखी लेसू."

फोन बंद झाला तेव्हा दारात शीतल उभी होती. लग्नाला महिना उलटला तरी ही पोर दिपमालाशी आपणहून एक शब्द बोलली नव्हती. आई नाही, काकू नाही, कुठल्याच नावानं तिनं तिला हाक मारली नव्हती. आज बोलली.

"केस नाही कापायचे. आईचे असेच होते."

एवढं म्हणून ती गोण्यांमागं गेली.

दिपमाला कणीक मळत राहिली. नवी बाई घरात आली आणि आईचे केस गेले. हे असं एकदा पोरीच्या मनात बसलं, की पुढं कितीही सांजोऱ्या तळा, कितीही फ्रॉक शिवा, ते काही पुसलं जायचं नाही. हातात होती ती अखाजीपर्यंतची, अक्षय्यतृतीयेपर्यंतची मुदत.

*

दिपमालाचे स्वतःचे केस सरळ, पागोळीच्या पाण्यासारखे. कुरळ्या केसांतलं तिला काही कळत नव्हतं. पण बाटल्यांतलं कळत होतं. तिनं कृषी पदविका केली होती, लग्नाआधी दोंडाईच्याच्या एका दुकानात औषधांच्या काउंटरवर बसायची. इथंही दुपारचं दुकान तीच सांभाळायची. शेतकरी औषधाचं नाव विसरायचे, पण रंग विसरायचे नाहीत.

"ताई, ती लाल झाकणनी दे."

"झाकण फवारणार का भाऊ? मागं फिरवा बाटली. आत काय आहे ते बघू."

त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. दिपमालानं शीतलच्या केसांना लागणारं सगळं न्हाणीतून आणून काउंटरवर मांडलं आणि बाटल्यांची तोंडं भिंतीकडं, पाठी आपल्याकडं केल्या. पुढच्या बाजूला हसऱ्या बायका होत्या, रेशमाच्या लडीसारखे केस घेऊन. पाठीमागं मुंगीएवढी अक्षरं. तिला एक नियम ठाऊक होता. जे जास्त ते आधी लिहितात, जे चिमूटभर ते शेवटी. म्हणून बदामाच्या चित्राच्या तेलात बदाम अगदी तळाशी होता, आणि वर सगळं पातळ खनिज तेल.

मग अक्कानं आणलेली चकाकीची बाटली. त्यातलं दुसऱ्याच क्रमांकाचं नाव वाचून ती थबकली. डायमेथिकोन.

"अहो, जरा इकडं या," तिनं नवलला हाक मारली. "हे सिलिकॉनच्या घराण्यातलं आहे. म्हणजे आपलं स्टिकर!"

"फवारणीतलं?"

"त्याच्याच भावकीतलं. आपण औषधात स्टिकर का घालतो? थेंब पानावर पसरावा, धरून राहावा म्हणून. हे पण तसंच केसावर पसरतं, धरून राहतं. वरून चकाकी, पण थरावर थर बसला की आत पाणी शिरणार कसं? मग ते काढायला हा कडक फेसाचा शाम्पू. तो थर काढतो आणि केसाचं होतं-नव्हतं तेलही घेऊन जातो. मग कोरडे झाले म्हणून पुन्हा स्टिकर."

नवलनं बाटली हातात घेऊन मागं-पुढं पाहिली. "म्हणजे पोरीच्या डोक्यावर आपण फवारणीच करत होतो."

"तसंच काहीतरी."

"अक्काला नको सांगू. तिनं मोठ्या हौसेनं आणलंय." मग हळूच म्हणाला, "सुलक्षणा काय लावायची, मी कधी पाह्यलंच नाही बघ. केस तिचे तीच विंचरायची. आता वाटतं, एकदा तरी बघायला पाहिजे होतं."

दिपमालानं चकाकीची बाटली उचलून फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवली.

त्या रविवारी तिनं गोण्यांपाशी उभं राहून सांगितलं, "कोरडे केस विंचरणार नाही. ओलेच विंचरू. खालून वर जाऊ, टोकापासून. आणि दुखलं की 'थांब' म्हण, मी थांबेन."

बराच वेळ गेला. मग गोणीवरून एक हात वर आला, आणि त्याच्यामागून पोर.

शीतलनं कितीदा तरी 'थांब' म्हटलं. खरंच थांबते का ते बघायला काही वेळा उगीचच म्हटलं. दिपमाला प्रत्येक वेळी थांबली. शाम्पू तिनं साधा, कमी फेसाचा आणला होता, आणि त्यामागून लावायला एक लोण्यासारखा लेप. त्या लेपाच्या पाठीवर, अगदी वरच्या नावांत, प्रोटीन होतं. गव्हाचं.

ते वाचून तिला आनंद झाला होता. प्रोटीन म्हणजे खुराक. पीक मलूल दिसलं की आपण काय देतो? खत देतो. तिनं लेप लावला. केस पहिल्या वेळी जरा भरल्यासारखे वाटले. मग तिनं तो आठवड्यातून दोनदा लावला. मग तसल्याच खुराकाचं पाणी आणून फवारलं. चैत्र लागला. ऊन तापलं. आणि केस भरण्याऐवजी ताठ होत गेले, कडब्यासारखे. बोटांत धरले की चुरचुर वाजायचे. कंगव्यात लांब केस यायचे बंद झाले. तुटलेले तुकडे यायला लागले, नखाएवढे.

एका सकाळी न्हाणीच्या उंबऱ्यावर असे तुकडे पडलेले शीतलनं पाहिले. ती ते बोटानं गोळा करत बसली.

"तू मुद्दाम करतेस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "तू तोडतेस. म्हणजे आत्याला कापावेच लागतील."

"नाही गं शीतल..."

पण पोर थप्पीमागं गेली होती, आणि या वेळी 'थांब' म्हणायलाही तिथं कुणी नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी हिलालनाना दुकानात आले. वयानं थकलेले, हातात केळीचं पान, मोठं, दारात मावेना असं. ते त्यांनी काउंटरवर पसरलं. पानाच्या कडा सगळीकडून करपल्या होत्या, तव्यावर विसरलेल्या पोळीसारख्या.

"दख व ताई. कशी जळी गयी. पिवळी दखायनी म्हनीसन खत दिनं. मंग बी पिवळी, तं आखो दिनं. जितलं खत देस तितली जळी राहिनी!"

"पाणी किती देता नाना?"

"पानी कथाईन लयू? बोअर खोल गयी. थोडं थोडं देस."

दिपमालाला हसूही आलं आणि चीडही. "नाना, झाड उपाशी नव्हतं हो. तहानेलं होतं. तहानेल्या माणसाला पाणी द्यायचं सोडून तुम्ही भाकरीवर भाकर वाढत गेलात. करपेल नाही तर काय होईल?"

आणि तिथंच तिचं बोलणं तुटलं. पानाच्या कडेवर ठेवलेलं तिचं बोट तसंच राहिलं. चुरचुर. तोच आवाज.

"काय व्हयनं व?" नाना घाबरले. "बागच गयी का मनी? बोल ना. डॉक्टर गप बसना म्हंजे माले धाकच भरस."

"बाग वाचते नाना," दिपमाला म्हणाली. "खत बंद करा. पाणी द्या, रोज, थोडंच पण नेमानं. बुडाशी पाचट अंथरा. आणि तुमचे फार उपकार झाले."

"मना? उपकार?" नाना पान गुंडाळत बाहेर पडले आणि पायरीवर नवलला म्हणाले, "भाऊ, तुनी बायको चांगली शे, पन उन्हमा नको बसाडू तिले."

तिनं खुराक बंद केला. आता केसांना पाणी हवं होतं. तिनं ग्लिसरीन असलेलं मलम आणलं, कारण ग्लिसरीन पाणी ओढून धरतं हे तिला माहीत होतं. पण ते ओढतं हवेतून, आणि चैत्रातल्या भडगावच्या हवेत पाणी असतंच कुठं? बाहेर मिळेना म्हणून ते केसांतलंच ओढून वाऱ्याला देऊ लागलं. पाहुणा म्हणून बोलवावा आणि जाताना त्यानंच घरातला तांब्या उचलून न्यावा, तसं झालं. केस पिंजलेल्या कापसासारखे फुलून उभे राहिले.

मग बाजारपेठेतल्या नव्या दुकानात तिनं एक परदेशी जेल उचलून पाहिलं. पाठीवर पाण्यानंतरचं पहिलंच नाव होतं, लिनम युसिटाटिसिमम. पदविकेच्या तोंडी परीक्षेत तिनं हे नाव घडाघडा म्हटलं होतं. ती दुकानातच हसली.

"काय झालं मॅडम?" दुकानदारानं विचारलं.

"काही नाही. अळशी आहे ही. आमच्या दोंडाईच्याच्या घरी पत्र्याचा डबा भरून पडलीय."

पण अळशी शिजवून बघायला वेळ राहिला नाही. अखाजी येऊन ठेपली होती.

*

अखाजीला खानदेशातल्या घराला दोन दारं लागतात. एका दारानं लेक माहेरी येते, दुसऱ्या दारानं सून माहेरी जाते. नवलच्या घरी दोघींची गाठ एकाच दुपारी पडली. अमळनेरच्या गाडीनं अक्का उतरली, आणि तिच्या मागोमाग दिपमालाचा भाऊ भुरा आला, मुराळी म्हणून, बहिणीला न्यायला.

अक्कानं पाणीसुद्धा घेतलं नाही. शीतलला उजेडात उभं केलं, ओढणी सोडली आणि केसांत हात घातला. हात तिथंच अडकला.

"हाई काय करी ठेवं व?" तिचा आवाज कापला. "आगोदर नुसता गुता व्हतात. आते तं तुटी बी राहिनात!"

"चुकलं अक्का. खुराक जास्त झाला."

"केसस्ले खुराक? म्हैस शे का ती?"

भुरानं हसू दाबायला तोंड फिरवलं. दिपमाला हसली नाही. "मला आता कळलंय काय चुकलं ते. थोडा वेळ द्या."

"कितला येळ? तू तं आज माहेर चालनी. मी शे आठे. सकाय न्हाव्याले बलावस. एकदाव रडी, मंग सुखनी व्हई पोर." अक्का खाटेवर बसली. तिचेही डोळे भरले होते. "तुले काय वाटस, माले हौस शे? सुलक्षणाना केस मी हळदले मना हातस्नी माखेल शेत. पन हाई हाल दखावत नई माले."

मग दिपमाला म्हणाली, "शीतलला मी बरोबर नेते. दोंडाईच्याला."

"तठे तिनं कोन शे?" अक्का म्हणाली. "सावत्र मायना माहेरले पोर धाडतस का कोन्ही? लोके काय म्हनतीन?"

नवल काउंटरच्या आडोशाला उभा होता. तो बहिणीकडं पाहत होता आणि बायकोकडंही. तेवढ्यात गोण्यांच्या दिशेनं आवाज आला.

"मी जाते."

सगळे वळले. शीतल ओढणी पुन्हा गुंडाळत होती. "इथं राहिले तर उद्या न्हावी येईल. मी जाते. पण," ती दिपमालाकडं बघून म्हणाली, "केसांना हात लावू द्यायचा का नाही, ते मी ठरवीन."

"तूच ठरव," दिपमाला म्हणाली.

"वा रे पोरी!" भुरा म्हणाला. "वकील व्हशी तू."

नवलनं फळीवरून पोरीची पिशवी काढली आणि तिचे कपडे भरायला घेतले. अक्कानं ते पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"जाय मंग. पन आयक, दिपमाला. परत उनी आनी केस असाच राहिनात, तं मी कापसू. मंग कोन्हंच आयकाव नई मी."

*

धुळ्याला गाडी बदलून ते दोंडाईच्याला पोहोचले तेव्हा उन्हं कलली होती. दिपमालाची आई भागाबाई दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. तिनं आधी लेकीवरून तुकडा ओवाळला, मग शीतलवरून. काही विचारलं नाही, कोण, कुणाची. ओढणीतून बाहेर आलेली एक बट तिनं बोटावर गुंडाळली.

"आवो माय, हाई तं सुगरणनं घरटं शे! पाखरू शे का मजार?"

शीतल हसणार नव्हती, पण हसली.

अंगणात निंबाला झोका बांधला होता. गल्लीतल्या आलेल्या लेकी पाळीपाळीनं बसत होत्या. शीतलची पाळी आली, तेव्हा भागाबाईनं तिला पाठीमागून ढकलत गळा काढला. आपल्या आईनं हे गाणं आधी कधी असं म्हटलं नव्हतं, हे दिपमालाला ठाऊक होतं. ते तिनं तिथल्या तिथं जुळवलं होतं.

"आंगनमा शे निंब, निंबले झोका बांधा
लेकनी लेक उनी, तिले मानना पाट मांडा"

झोका वर गेला. शीतलनं मान वळवून दिपमालाकडं पाहिलं. हे गाणं आपल्यालाच आहे का, असं विचारत असल्यासारखं. दिपमालानं नुसती मान हलवली.

केसांना मात्र पोरीनं हात लावू दिला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दिपमालानं विचारलंही नाही. मांडे झाले, आमरस झाला, गौराईची गाणी झाली. डोक्यावरचं ते ओढणीचं गाठोडं घेऊन शीतल सगळीकडं नाचली. तिसऱ्या सकाळी ती स्वतः न्हाणीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"घाम येतो," ती म्हणाली. "डोकं खाजतं. पाणी गरम नको."

दिपमालानं तोच शाम्पू आणला होता, भडगावचा. तिनं चमचाभर हातावर घेतला, ओल्या केसांत घातला आणि बोटं फिरवली. पांढरा, मऊ फेस कानांवरून ओघळायला लागला.

"एवढा फेस?" शीतल डोळे मिटून म्हणाली. "आपल्याकडं नाही येत एवढा."

दिपमालाची बोटं थांबली. पोर बरोबर बोलत होती. शाम्पू तोच, डोकं तेच. मग बदललं काय?

"भुरा," तिनं आतून हाक मारली, "हे पाणी कुठलं रे?"

"नळनं," भुरा अंगणातून ओरडला. "गोडं पानी शे, ताई. तुमना बोअरगत खारं नई."

बोअरचं पाणी. भडगावच्या न्हाणीतल्या नळाच्या तोंडाशी पांढरी खपली बसायची. बादलीच्या आतून पांढरा थर चढायचा. ठिबकच्या नळ्या तर त्या क्षारानं बुजूनच जायच्या, मग शेतकरी दुकानात येऊन म्हणायचे, ताई, ॲसिड द्या, नळ्या धुवायच्यात. दर हंगामात ती ते देत होती. नळीचं भोक बुजतं हे तिला कळत होतं. तेच पाणी ती रविवारी-रविवारी पोरीच्या डोक्यावर ओतत होती, हे मात्र कळलं नव्हतं. स्टिकर काढलं, खत थांबवलं, पण पाणी तेच. थर बसतच होता.

"शीतल," ती म्हणाली, "तू फार मोठी गोष्ट सांगितलीस आत्ता."

"मी काय सांगितलं?"

"हेच, की फेस जास्त येतो."

पोरीनं एक डोळा उघडून तिच्याकडं पाहिलं. चेष्टा चाललीय का ते बघितलं. नव्हती.

केस टॉवेलात न चोळता जुन्या सुती साडीत दाबून ठेवले आणि दिपमालानं चुलीवर अळशी चढवली. भागाबाई डोकावली. "आळशी? कोन्हले फोड व्हयना? पोटीस बांधनं शे का?"

"केसांना लावायचीय आई."

"केसस्ले! आनी आम्हीन चटनी करीसन खाई गऊत इतली वरीस."

अळशी शिजली आणि पातेल्यातलं पाणी घट्ट, लांब तारा धरणारं झालं. शीतल वाकून बघत होती. "शी! शेंबूड!"

"बाटलीत भरून इंग्रजी नाव लिहिलं की शेंबूड म्हणत नाहीत त्याला," दिपमाला म्हणाली. "ह्यात खुराक नाही, चकाकीही नाही. केसातलं पाणी केसात धरून ठेवते, एवढंच. पातळ पापुद्र्यासारखी."

"आणि परत घरी गेल्यावर? तिथं तर खारंच पाणी."

"तिथं शेवटच्या तांब्यात लिंबू पिळायचं. गाळून. आंबट पाण्यानं क्षार सुटतो."

पातेलं निवेपर्यंत तिनं नवलला फोन लावला. "अहो, पाण्याचा घोटाळा आहे. क्षार बसतोय. ठिबकला आपण ॲसिड सोडतो ना, तसंच करायचं."

"पोरीच्या डोक्यात? ॲसिड?" नवल ओरडला.

"लिंबू हो, लिंबू!" पण रेंज तुटली होती.

निंबाखाली खाट टाकली. शीतल खाली चटईवर बसली, पाठ दिपमालाच्या गुडघ्यांना टेकवून. दिपमालानं ओल्या केसांवर अळशीचं पाणी चोळलं, आणि टोकापासून, बोटांनीच, एकेक गुंता सोडवायला घेतला. आता गुंते निसटत होते. मुठीत दाबून सोडली की बट आपोआप वळायची, चकलीसारखी, आणि तशीच राहायची. काही केस अजून तुटके होते, काही ताठ. ते वाढून पुढं जायला वेळ लागणार होता. तिनं शीतलला तसं सांगितलं.

"किती वेळ?"

"बराच. तोवर मी आहे."

कानामागं एक गाठ होती, जुनी, दगडासारखी. अळशीनंही सुटेना. दिपमालानं अर्धा-अर्धा केस ओढून पाहिला. शीतलनं श्वास रोखला, पण 'थांब' म्हटलं नाही. दिपमालानं आपणच हात काढून घेतला.

"ही नाही सुटत शीतल."

पोरीनं गाठ बोटांनी चाचपली. बराच वेळ चाचपत राहिली. मग म्हणाली, "ती काप. तेवढीच."

"नक्की?"

"तेवढीच म्हटलं ना."

कात्रीचा एक बारीक आवाज झाला. शीतलनं कानामागं हात फिरवला, मोकळ्या जागेवरून, मग तिथंच शेजारी लोंबणाऱ्या ओल्या वेटोळ्यावरून. ते ओढून सरळ केलं, सोडलं. ते परत वर गेलं. पुन्हा ओढलं, पुन्हा सोडलं. मग तिनं डोकं मागं टेकवलं, दिपमालाच्या मांडीवर, जडसं.

उन्हं वर चढत होती, पण निंबाखाली सावली होती. पलीकडं लेकी झोक्यावर हसत होत्या. दिपमाला एक बट घेई, भिजवी, वळवी, सोडी. दुसरी घेई. कितव्या तरी बटेनंतर तिच्या लक्षात आलं, की मांडीवरचं डोकं एका बाजूला कलंडलंय आणि पोरीचं तोंड किंचित उघडं पडलंय. तिचा पाय बधिर झाला होता. तिनं तो हलवला नाही.

फोन वाजला. तिनं तो झटकन उचलून कानाला दाबला.

"दिपमाला!" अक्का होती, आणि चांगलीच पेटलेली. "नवल सांगस, पोरना डोकामा ॲसिड टाकी राहिनी म्हने तू! येड लागनं का तुले?"

"लिंबू, अक्का. लिंबाचं पाणी," दिपमाला कुजबुजली.

"मोठ्यानं बोल. आयकू नई येत. केसस्नं काय व्हयनं? सुटनात का नई?"

"सुटले. एक गाठ कापली, तिनंच सांगितलं म्हणून. अक्का, मोठ्यानं नाही बोलता येत. झोपलीय ती."

"झोपनी? ह्या वक्ताले?"

"विंचरता विंचरता."

अमळनेरच्या अक्काच्या मागं भडगावच्या दुकानातला पंखा घरघरताना ऐकू येत होता.

"मनाजोडे नई झोपनी कधी," अक्का शेवटी म्हणाली. आवाज आता पार खाली उतरला होता. "रडीसनच उठे."

"अक्का, तुम्ही होता म्हणून..."

"ऱ्हाऊ दे व. ठेव आते फोन. जागी व्हई जाई ती."